चौसष्ट, एकतीस, बारा

१

राजीनाम्याचा कागद टेबलावर तयार होता, त्याखाली फक्त सही व्हायची होती. तो डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, कारण टाइप करायचा कॉम्प्युटरच बंद पडला होता.

'मी स्वतःचा पेनड्राइव्ह लावून केंद्राचा कॉम्प्युटर निकामी केला, हे मला मान्य असून मी स्वखुशीने कामावरून दूर होत आहे.'

'स्वखुशीने' हा शब्द आत्यानं दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या तशी कुणाचीच आत्या नव्हती. बावीस वर्षं ती बाजारातल्या एका अरुंद दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होती, आणि कुणा जुन्या गिऱ्हाइकानं मारलेली हाक तिला कायमची चिकटली होती. जिभेला हाड नाही, पण हाताला गुण आहे, असं लोक तिच्याबद्दल म्हणत. बावीस वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. बिघाड यंत्रात होतो, पण खापर फुटतं ते यंत्राशेजारी बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, आणि तेही ज्याला उलट बोलणं परवडत नाही अशाच.

इथे तो माणूस म्हणजे रिसेप्शनवरची ताई. कानाच्या तपासणीचं हे छोटं केंद्र. बाहेर पेशंटसाठी दोन लांब बाकं, आत एक आवाजबंद खोली आणि तिच्या काचेच्या खिडकीला लागून एक टेबल. खोलीत पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, बारीक सूर ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, आणि या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद व्हायची. केंद्रात कॉम्प्युटर हा एवढा एकच. ताई अकरा वर्षं या टेबलाशी बसून नावं, वयं, डावा कान, उजवा कान भरत आली होती.

"काल सगळ्यांसमोर बोलले मला," ताई खाली बघत म्हणाली. "चौदा माणसं बसली होती बाहेर. म्हणाले, तुझ्या पेनड्राइव्हनं माझ्या मशीनची वाट लावली, घरची कामं करायला ठेवलंय का तुला. आत्या, पोरीच्या शाळेचा अर्ज होता, दोन पानं. छापायच्या आधी विचारलं होतं मी. हो म्हणाले होते."

"मग तसं म्हणालीस का काल?"

"म्हणाले. तर म्हणतात, मला आठवत नाही."

शहरात अशी चारच केंद्रं होती आणि चारही डॉक्टर एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे. या कागदावर सही झाली की ताईला कुठेच कुणी दारात उभं करणार नव्हतं. आणि सही केली नाही, तर या महिन्यापासून घरी बसायचं, असंही तिला बजावून झालं होतं.

इतक्यात डॉक्टर आले. इस्त्रीचा पांढरा कोट, हळू आवाज. सगळे त्यांना सर म्हणत.

"बाई, नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, बस्स. जुनी व्हायरसनं खाल्लीय. डबा उघडायचा नाही. कंपनीचं सील आहे, वॉरंटीचं अजून वर्ष शिल्लक आहे. पाचपर्यंत सुरू झालं तर ठीक, नाहीतर हा कागद आणि नव्या कॉम्प्युटरची मागणी मी एकदमच पाठवतो."

"आणि सुरू झालं तर कागद फाडणार?"

सर हसले. "कागदाचा आणि त्याचा काय संबंध? चूक ती चूकच."

२

आत्यानं पेनड्राइव्ह लावला, सरांच्या सांगण्यावरून जुनी डिस्क पार पुसून कोरी केली आणि नवी सिस्टीम टाकायला घेतली. पडद्यावर आकडे सरकू लागले. वीस टक्के, चाळीस, साठ. चौसष्टवर पडदा एकदम काळा झाला आणि मशीन आपलं आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

असं कधीकधी होतं. पेनड्राइव्ह लावलेलाच राहतो, मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतं आणि माणूस गोल गोल फिरत बसतो. पण ती फेरी काम पुरं झाल्यावर सुरू होते. चौसष्टवर मध्येच नाही. तिनं लगेच दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी मशीन एकतिसावर कोसळलं. तिसऱ्यांदा बारावर.

"बघा," दारातून सर म्हणाले. "वाढतोय व्हायरस."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पूर्वी माणूस आजारी पडला की भुतानं झपाटलं म्हणायचे आणि शेजारच्या एखाद्या निराधार बाईकडे बोट दाखवायचे. आता व्हायरस म्हणतात आणि बोट तसंच दाखवतात. डिस्क पुसून कोरी झाली होती. ताईचा पेनड्राइव्ह तिच्या घरी कपाटात होता. मग हा व्हायरस राहत होता कुठे, टेबलाच्या खणात?

तिनं दुसरा पेनड्राइव्ह काढला. तेच. भिंतीतला प्लग बदलला, स्वतःच्या पिशवीतली वायर लावली. तेच. तिनं आकडे कागदावर उतरवले आणि बघत बसली. पेनड्राइव्ह खराब असता तर गाडी दर वेळी एकाच खड्ड्यात अडकली असती. वीज खराब असती तर आकड्यांना काही ताळतंत्रच राहिलं नसतं. इथे आकडे शिस्तीत उतरत होते. चौसष्ट, एकतीस, बारा.

एक वाजला. तिनं मशीन बंद केलं.

"हरलात?" सरांनी विचारलं.

"जेवायची सुट्टी आहे," आत्या म्हणाली. "माझी आणि त्याचीही."

३

ताईनं डबा उघडला, पण घास काही तिच्या तोंडात जाईना. आत्यानं तिला बळंच एक पोळी खायला लावली आणि मग विचारायला सुरुवात केली.

"हे आपोआप बंद पडणं कधी सुरू झालं?"

"पाच आठवडे झाले. सोमवार होता. पहिल्यांदा दिवसातून एकदा, मग दोनदा. सर तपासणी लावायचे तेव्हा जास्त. साध्या नोंदी करताना चालायचं बिचारं. परवापासून सुरूच होईना."

"सगळ्या नोंदी गेल्या?"

ताईनं मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. "एक नाही गेली. रोज साडेपाचला वेगळ्या डिस्कवर उतरवते मी. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. हे कुणी विचारलं नाही मला काल."

"मी विचारलं. आता सांग, त्या सोमवारच्या आधी काय झालं होतं?"

ताईनं आठवून पाहिलं. तसं काही विशेष नाही. त्याआधीच्या आठवड्यात खोली तपासणारा माणूस येऊन गेला होता. अशा केंद्रांना दरवर्षी शांततेचा दाखला लागतो. खोलीत बाहेरचा आवाज किती येतो ते तो मोजतो. त्यानं नापास केलं. जुनं मशीन गेल्या वर्षी गेलं, हे नवं आलं, आणि त्याचा पंखा फार घुमतो म्हणाला.

"मग?"

"मग पुढच्या सोमवारी सकाळी परत आला आणि पास करून गेला. तो बघा, दाखला भिंतीवर."

आत्यानं घास चावता चावता दाखल्याकडे पाहिलं. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची, सोमवारचीच.

"आणि मशीन पहिल्यापासून असंच भिंतीला खेटून आहे?"

"नाही, टेबलाच्या या टोकाला असायचं, माझ्या उजव्या हाताला. त्या सोमवारी आले तर तिकडे सरकवलेलं. सर म्हणाले, मोकळं दिसतं. मला मेलं दर वेळी उठून बटण दाबावं लागतं."

दोन वाजता आत्यानं मशीन पुन्हा सुरू केलं आणि सिस्टीम टाकायला घेतली. बारा मागे पडले, एकतीस मागे पडले. एकसष्टवर पडदा काळा झाला.

तासभर विश्रांती मिळाली होती आणि मशीन पुन्हा तरतरीत होऊन धावलं होतं. पुन्हा दमलं होतं. आत्यानं वाकून डब्याला कान लावला. आत दोन पंख्यांचा आवाज यायला हवा होता. येत होता एकाचाच.

४

मागच्या खोलीत साचेवाले काका काम करत होते. कानाचं मशीन कानात घट्ट बसावं म्हणून प्रत्येकाच्या कानाच्या मापाचा साचा लागतो, तो हे बनवत. समोर ओळीनं कानांचे रबरी ठसे मांडलेले होते, निळेही आणि गुलाबीही. काका सहा वर्षांपासून इथे होते आणि बोलायला मिळालं की थांबत नसत.

"पोरगी चांगली आहे हो," ते म्हणाले. "पण आपण कोण बोलणारे? आपलं हातावर पोट."

"तिचंही हातावरच आहे," आत्या म्हणाली. तिनं एक ठसा उचलला. "हे कसं करता?"

विषय आवडीचा निघाल्यावर काका खुलले. कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा सारायचा, म्हणजे मसाला खोल जात नाही. मग मऊ मसाला आत सोडायचा. चार मिनिटांत त्याचं रबर होतं. दोरा धरून ओढला की ठसा अलगद बाहेर.

"रंग दोन का?"

"निळा माझा. पिस्तुलासारखं यंत्र आलंय ना, त्यात आपोआप कालवून येतो. गुलाबी सरांचा. त्यांना नवं काही पटत नाही. अजून हातानं मळतात आणि जाड सिरिंजमध्ये भरून सोडतात. मी हात लावला तर म्हणतात, तुझ्या हाताला ते माप कळायचं नाही. सहा वर्षांत गुलाबीला बोट लावलं नाही मी."

"ही सिरिंज किती जाड असते?"

काकांनी करंगळी पुढे केली. "तोंडाशी मात्र निमुळती. दाण्याएवढ्या भोकातूनही जाते."

आत्या उठली. दारापर्यंत जाऊन ती मागे वळली. "काका, रविवारी केंद्र बंद असतं ना?"

"असतं. किल्ली एकट्या सरांकडे."

५

"कुणी हात लावला होता का या मशीनला?" आत्यानं सरांना विचारलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"ताईनं. रोजच लावते."

"आत, म्हणते मी."

"बाई, किती वेळा सांगू? सील बघा. शाबूत आहे. सील शाबूत म्हणजे आत कुणी गेलं नाही. आत कुणी गेलं नाही म्हणजे बिघाड बाहेरून आला. बाहेरून आला म्हणजे पेनड्राइव्हमधून आला. साधा तर्क आहे."

तर्क खरंच साधा होता, आणि आत्याला त्याचाच संताप आला. शिकलेला, दोन वाक्यांत एखादीची अकरा वर्षं गुंडाळणारा माणूस तिच्यासमोर हात पुसत उभा होता. तिनं आवाज चढवला नाही.

"तुमचं पहिलं वाक्य खरं आहे, सर. सील कुणी तोडलेलं नाही. आता ताईला आणि काकांना बोलवा, मग मी हे मशीन फिरवते."

"फिरवायची काय गरज आहे?" सर पटकन म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच ते पटकन काही बोलले होते.

६

चौघं टेबलाभोवती उभे राहिले. आत्यानं मशीनला अजून हात लावला नव्हता.

"आधी आकडे ऐका. चौसष्ट, एकतीस, बारा. तासभर थंड ठेवल्यावर एकसष्ट. हे मशीन आजारी नाही, ते तापतंय. नवी सिस्टीम टाकताना त्याला जिवाच्या आकांतानं राबावं लागतं. ताप हाताबाहेर गेला की स्वतःला वाचवायला ते पडदा टाकतं आणि पुन्हा उठतं. गरम असतानाच लगेच पळवलं तर लवकर पडतं. थंड होऊ दिलं तर लांब जातं. ताईच्या नोंदींना मेहनत कमी, म्हणून त्या चालायच्या. सरांच्या तपासणीला जास्त, म्हणून तेव्हा पडायचं. असं कितीदा तरी मध्येच आपटून जुनी सिस्टीम मोडली. यात व्हायरस कुठेच बसत नाही."

"मग तापतंय का?" काकांनी विचारलं.

"मेंदूवर जो पंखा असतो, तो फिरत नाही. मागचा फिरतो, त्याचा आवाज येतो. आता सांगा, तो पंखा गप्प झालेला कुणाला हवा होता? नापास झाल्यावर सात दिवसांत कुणाला दाखला हवा होता?"

सर म्हणाले, "पंखे बिघडतात. त्यात कुणी काही केलं असं कसं म्हणता? सील..."

"सील झाकणाला आहे. झाकणाच्या कुशीला मात्र वारा जायला भोकांची जाळी असते, आणि ती नेमकी त्याच पंख्यासमोर असते. पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत ती जाळी ताईच्या डोळ्यांसमोर होती. त्या रविवारी मशीन सरकलं आणि जाळी भिंतीकडे गेली."

तिनं मशीन धरून फिरवलं. जाळीच्या एका भोकाच्या काठावर गुलाबी रबराचा मणी चिकटलेला होता.

काकांनी खिशातून चष्मा काढला, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग ते सरळ झाले. हातावर पोट असलेल्या त्या माणसानं थेट आपल्या मालकाच्या डोळ्यांत बघितलं.

"सर," काका म्हणाले, "बोळा न घालता भरलंत?"

सरांचा चेहरा उतरला. कारागिराला कारागिराची चूक बरोबर दिसते, तिथे डॉक्टरकीचा कोट उपयोगी पडत नाही.

"तासाभरापुरतंच करायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "तो मोजून गेला की ओढून काढणार होतो. पण दोरा नव्हता. तुटून थोडंसंच हातात आलं. वाटलं, एक पंखा नसला तर काय होणार आहे? मशीन चालत तर होतं."

"आणि पडायला लागल्यावर?" ताईनं विचारलं.

ती इतका वेळ भिंतीशी उभी होती. सर कोटाची बाही झटकू लागले.

"पडायला लागल्यावर तुम्हाला कळलं होतं, सर. मी तुम्हाला रोज सांगत होते, की याचा अंग भाजेल इतका चटका बसतो. तुम्ही म्हणालात, पाणी पीत जा, तुला बरं नसेल."

आत्यानं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून सरांच्या हातात दिला. "सील तुम्हीच तोडा. वॉरंटीच्या कागदावर कारण काय लिहायचं तेही तुम्हीच ठरवा."

झाकण निघालं. पंख्याच्या पात्यांत गुलाबी गोळा रुतून बसला होता. आत्यानं चिमट्यानं हळूहळू सोडवला तेव्हा तो अख्खा निघून आला, पंख्याचा हुबेहूब ठसा होऊन. काकांनी तो तळहातावर घेतला आणि सवयीनं त्याच्या कडा तपासल्या. ठसा उत्तम उतरला होता.

पंखा पुसून, वायर नीट करून आत्यानं पुन्हा सुरुवात केली. डबा जोरात घुमू लागला. बारा, एकतीस, एकसष्ट, चौसष्ट. मग नव्वद. मग शंभर. मशीन एकदा हक्कानं बंद होऊन सुरू झालं आणि नव्या पडद्यावर नाव विचारत थांबलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

७

"चला, संपलं एकदाचं," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कागद उचलून चार तुकडे केले आणि कोटाच्या खिशात टाकले. "ताई, झालं ते झालं. उद्यापासून नेहमीसारखी ये. दाखल्याचं मी बघतो, त्या माणसाला पुन्हा बोलावतो. हे आपल्या चौघांतच राहू दे."

आत्याच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण ताई आधी बोलली.

"नाही, सर."

"म्हणजे?"

"काल तुम्ही चौघांत बोलला नव्हतात. बाहेर बोलला होतात. त्यातली सहा माणसं आज कानाचं मशीन न्यायला परत आली आहेत, माझ्याच यादीत त्यांची नावं आहेत. मघाशी पाणी द्यायला गेले, तर एकानंही नजर दिली नाही. त्यांना सांगा. मग उद्याचं बघू."

सर आत्याकडे वळले. दोन शहाण्या माणसांनी मिळून एका हट्टी बाईला समजवावं, अशी काहीशी त्यांची अपेक्षा असावी. आत्या वायर गुंडाळत बसली.

शेवटी सर बाहेर गेले. ताई त्यांच्यामागे, काका दारात. बाकांवर माणसं दाटीनं बसली होती, कुणाच्या हातात पावती, कुणाच्या कानामागे नवंकोरं मशीन. सर त्यांच्यासमोर उभे राहिले, कोटाची बटणं चाचपली आणि आपल्या त्या हळू, मऊ आवाजात म्हणाले, "काल मी ताईंना जे बोललो, ते चुकीचं होतं. मशीन त्यांनी बिघडवलं नव्हतं."

समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी कानाशी हात नेला. "काय म्हणालात?"

सरांनी थोड्या मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली. काय म्हणतात, फी वाढली का, असं कुणीतरी विचारलं.

"मोठ्यानं, सर," ताई म्हणाली. "इथे बसलेल्यांना कमी ऐकू येतं."

तिसऱ्यांदा सरांचा आवाज चढला. मान लाल झाली, शब्द भिंतींवर आदळले. मशीन मी बिघडवलं, ताईंनी नाही, मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, मला माफ करा. आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण जाणारा एक माणूस थबकून आत बघू लागला.

कोपऱ्यात एक आजीबाई बसल्या होत्या. दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिऱ्या, गेली सहा वर्षं इथे येणाऱ्या. त्यांनी मान डोलावली, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बहिऱ्या माणसांच्या त्या खणखणीत आवाजात सरांना म्हणाल्या, "आत्ता आलं ऐकू. काल मात्र पहिल्याच खेपेला आलं होतं."